नवा पीसी जोडला, पण पुरता चालूच होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरच्या बर्डीवरून सुटे पार्ट आणायचे, घरी दिवाणावर पसरायचे, मोबाइलवर व्हिडिओ पाहत जोडायचे आणि रात्री अकरा वाजता बटण दाबायचं. त्यानंतर जे मेसेज मला येतात ते बहुतेक सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतोय. माझं दुकान नाही. मित्रांचे, शेजाऱ्यांचे आणि शेजाऱ्यांच्या भाच्यांचे पीसी जोडून देतो, एवढंच. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवले आहेत. पीसी नेमका कुठे अडला हे कळेपर्यंत एकही पार्ट बदलू नका, विकत तर मुळीच घेऊ नका.

१. पंखे फिरतात, आरजीबी लागतो, पण डिस्प्ले येत नाही. म्हणजे पीसी चालू आहे का?

नाही. पंखे आणि रंगीत लाइट एवढंच सांगतात की एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वीज येते आहे. पुढची वाट ठरलेली असते: आधी प्रोसेसर जागा होतो, मग रॅम तपासली जाते, मग ग्राफिक्स, आणि शेवटी विंडोज कोणत्या डिस्कवर आहे त्याचा शोध. अलीकडच्या बऱ्याच मदरबोर्डांवर या चार टप्प्यांचे चार बारीक एलईडी असतात, सहसा २४ पिनांच्या मोठ्या सॉकेटच्या आसपास. बाजूला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं छापलेलं असतं. चालू करताना ते एकेक करून लागतात आणि विझतात. जो लागून राहिला, गाडी तिथे अडली.

सीपीयूचा लाइट राहिला तर प्रश्न ४ आणि ८ वाचा, डीरॅमचा राहिला तर २ आणि ५, व्हीजीएचा राहिला तर ६, बूटचा राहिला तर ९ पासून पुढे. स्वस्त बोर्डांवर हे लाइट कधी कधी नसतात. तिथे पीसी स्पीकर नावाचा छोटा बझर मिळतो तो लावा आणि किती बीप येतात ते मोजून बोर्डाच्या मॅन्युअलमधल्या तक्त्याशी ताडून पाहा. प्रत्येक कंपनीचा हिशोब वेगळा असतो, त्यामुळे मित्राच्या बोर्डाचा तक्ता तुम्हाला चालणार नाही.

२. पहिल्यांदाच चालू केला. पाच मिनिटं झाली, स्क्रीन काळी आहे. बंद करू का?

डीडीआर५ रॅम असेल तर हात मागे घ्या. माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्यातल्या पुष्कळ पीसींमध्ये बिघाड काहीच नसतो.

डीडीआर५ चा वेग इतका आहे की बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमच्या स्टिक यांना एकमेकांशी वेळ जुळवून घ्यावी लागते. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम५ सॉकेटवर हे जास्त जाणवतं. दोन स्टिक असतील तर एक-दोन मिनिटांपासून चार-पाच मिनिटांपर्यंत, चार मोठ्या स्टिक असतील तर दहा-पंधरा मिनिटंही लागू शकतात. या वेळात डीरॅमचा लाइट लागलेला असतो, स्क्रीनवर अक्षर उमटत नाही, मध्येच पीसी स्वतः बंद होऊन परत चालू होतो. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

मग माणूस घाबरून बटण दाबून धरतो, पीसी बंद करतो, रॅम काढून परत लावतो. ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू. असं करत रात्रीचे दोन वाजवलेले लोक मला माहीत आहेत. चालू करा, चहा टाका, प्या, कप धुऊन ठेवा, मग या. वीस मिनिटांनंतरही काळीच असेल तर प्रश्न ५.

एकदा जुळलेली वेळ बोर्ड लक्षात ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी एवढा वेळ लागायला नको. पण सीमॉस क्लिअर केलं (प्रश्न ७), बायोस (विंडोजच्या आधी चालणारं बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला किंवा रॅमचा वेग बदलला की परत थांबावं लागेल. रोजच दोन मिनिटं लागत असतील तर बायोसमध्ये ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू आहे का ते पाहा. डीडीआर४ वाल्यांनी मात्र हे कारण देऊ नये. तुमच्याकडे दोन मिनिटं काळी स्क्रीन म्हणजे काहीतरी चुकलंय.

३. भाऊ, बटण दाबलं तर काहीच होऊन नाही राहिलं. पंखासुद्धा हलत नाही.

आधी एसएमपीएसच्या मागचा स्विच पाहा. हसू नका. मग भिंतीतल्या सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहा. तिसरं, २४ पिनांची वायर क्लिपचा टक आवाज येईपर्यंत बसली आहे का. नव्या बोर्डात ती खूप घट्ट जाते आणि अर्धवट बसलेली वरून पूर्ण बसल्यासारखी दिसते.

तरीही काही नाही तर संशय कॅबिनेटच्या बटणावर. त्याची दोन पिनांची बारीक वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, पॉवर स्विच लिहिलेल्या दोन पिनांवर लागते. या वायरीला उलट-सुलट नसतं, एलईडीच्या वायरींना असतं. वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. पीसी चालू झाला तर बोर्ड ठीक आहे, बटण किंवा त्याची वायर चुकली आहे.

पेपरक्लिपची चाचणी सगळ्यांना माहीत असते. एसएमपीएसचा २४ पिनांचा कनेक्टर बोर्डापासून काढून त्यातली हिरवी वायर, म्हणजे १६ नंबरची पिन, काळ्या वायरीला जोडायची. ती करायची तर मागचा स्विच बंद ठेवून क्लिप लावा, मग चालू करा. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. आजकाल बऱ्याच एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, म्हणून पिन मोजल्याशिवाय क्लिप घालू नका. आणि काहींचा पंखा कमी लोडवर फिरतच नाही, म्हणून पंखा फिरला नाही म्हणजे एसएमपीएस मेला असं होत नाही. कॅबिनेटचा एक पंखा त्याला जोडून पाहा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

४. पंखा एक सेकंद फिरतो, बंद होतो, परत फिरतो. किंवा पंखे फिरतात पण सीपीयूचा लाइट जात नाही.

प्रोसेसरची वेगळी वायर लावली का? बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात आठ पिनांचं सॉकेट असतं. कॅबिनेट लहान असलं की तिथे बोट पोचत नाही, आणि ‘नंतर लावू’ म्हणून ती वायर राहून जाते.

दुसरी चूक जास्त फसवी. ग्राफिक्स कार्डाची वायरही आठ पिनांचीच. ओळखायची खूण अशी की प्रोसेसरची वायर चार आणि चार अशी दुभंगते, ग्राफिक्सची सहा आणि दोन अशी. खाचांचे आकार वेगळे असल्यामुळे चुकीची वायर सहजासहजी जात नाही, पण जोर लावला की जाते. जोर लावावा लागतोय म्हणजे थांबा.

तिसरं, मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या काढता येणारा, एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. दुसऱ्या कंपनीची जुनी वायर एसएमपीएसच्या बाजूला बसते, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते. एवढ्या एका चुकीने एसएसडी आणि हार्ड डिस्क दोन्ही जळालेल्या मी पाहिल्यात.

वायरी बरोबर असूनही पंखा नुसता झटका मारत असेल तर शॉर्टचा संशय घ्या, त्यासाठी प्रश्न १८. सीपीयूचाच लाइट राहत असेल तर प्रश्न ८.

५. डीरॅमचा लाइट जातच नाही. रॅम खराब आली का?

नवी रॅम खराब येते, पण क्वचित. नीट न बसलेली रॅम मात्र रोज भेटते. वीज बंद करा, स्टिक काढा, परत लावा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. काही बोर्डांवर एकाच टोकाला हलणारी क्लिप असते, दुसरं टोक नुसतं सरकतं, आणि ते टोक वर राहिलेलं चटकन दिसत नाही. हलवून खुंटा बळकट करावा तसं हे दोनदा करा.

मग एकच स्टिक ठेवा. खोबण कोणती? चार खोबणी असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी. दोन स्टिक असतील तर दुसरी आणि चौथी. पुष्कळ जण पहिली आणि दुसरी भरतात, कारण शेजारी शेजारी छान दिसतं. एका स्टिकने चालू झाला तर दुसरी स्टिक त्याच खोबणीत तपासा. दोन्ही स्टिक एका खोबणीत चालतात आणि दुसरीत चालत नाहीत, असं निघालं तर रॅमचा दोष नाही.

मग दोष बहुधा प्रोसेसरच्या सॉकेटात असतो. इंटेलच्या एलजीए१७०० मध्ये आणि एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, केसासारख्या बारीक. एक जरी वाकली तरी रॅमचं एक चॅनल गायब होऊ शकतं. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी असंच होतं. थोडे सैल करून, तिरप्या जोडीने परत आवळून पाहा.

आणखी एक. बी६६० आणि बी७६० चिपसेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. नाव जवळपास सारखंच, फरक शेवटच्या एखाद्या अक्षराचा. रॅमची खाच खोबणीशी जुळत नसेल तर खोकं परत वाचा.

६. व्हीजीएचा लाइट लागलाय, किंवा लाइट सगळे गेले तरी मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो.

ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय वायर कार्डात लावायची, बोर्डात नाही. मी स्वतः एकदा रॅम, एसएमपीएस, सगळं तपासून झाल्यावर पहाटे पाहिलं, वायर बोर्डात होती. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ग्राफिक्स कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का ते पाहा. इंटेलच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, जसं १२४००एफ, तर नाही. रायझन ५६०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. ७६०० मध्ये आहे, ७५००एफ मध्ये नाही. बोर्डाला एचडीएमआय पोर्ट असणं याचा काही पुरावा नाही. पोर्ट सगळ्यांनाच दिलेलं असतं.

याशिवाय कार्डाची वेगळी पॉवर वायर, कार्ड खोबणीत पूर्ण बसलेलं असणं आणि मॉनिटरचा इनपुट, हे तिन्ही पाहा.

७. सीमॉस क्लिअर करा म्हणतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

बायोसच्या सेटिंग मूळपदावर आणायच्या. एसएमपीएसची वायर काढा, पीसीचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. मग बोर्डावरची सीआर२०३२ ही बटण-बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, किंवा मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने काही सेकंद टेकवा. रॅमचा वेग वाढवल्यावर पीसी अडला असेल तर हा पहिला उपाय. बटण दाबल्यावर काहीच होत नसेल तर याने फारसं काही साधत नाही.

८. प्रोसेसर नवा, बोर्डही नवा, तरी सीपीयूचा लाइट. दुकानदार म्हणतो दोन्ही ठीक आहेत.

तो खरंही बोलत असेल. बोर्ड नवा म्हणजे खोकं नवं. आतला बायोस बोर्ड बनला त्या दिवसाचा. बी६५० चे बोर्ड २०२२ साली आले आणि रायझन ९००० प्रोसेसर ऑगस्ट २०२४ मध्ये. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखू येत नाही. बी६६० बोर्ड आणि इंटेलची तेरावी-चौदावी पिढी, बी४५० बोर्ड आणि रायझन ५०००, यांची गोष्टही तीच.

बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न चालताही अपडेट होतो. कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची फाइल घ्या, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव द्या आणि एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर टाका. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह घेतला तर कटकट कमी. खूण केलेल्या पोर्टमध्ये लावून बटण दाबा. लाइट लुकलुकत राहील. पाच-दहा मिनिटं हात लावायचा नाही. वादळी पावसाच्या दिवसांत हे काम यूपीएस नसेल तर करू नका, मध्येच लाइन गेली तर नव्याने सुरुवात. बटण नसेल तर बोर्ड दुकानात न्या. त्यांच्याकडे जुना प्रोसेसर असतो, तो लावून अपडेट करून देतात.

९. बायोस उघडतो, पण एसएसडी दिसत नाही.

एम.२, म्हणजे थेट बोर्डाच्या खोबणीत बसणारी पट्टीसारखी एसएसडी, तिरपी घालून, दाबून, स्क्रू लावायची असते. स्क्रूशिवाय ती उचलली जाते. दुसरं, एम.२ आकारात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार येतात, आणि पुष्कळ खोबणी फक्त एनव्हीएमई घेतात. तिसरं, काही बोर्डांवर एम.२ भरली की साटाचे एक-दोन पोर्ट बंद पडतात. कोणते, ते मॅन्युअलमध्ये असतं.

१०. बायोसमध्ये एसएसडी दिसते, विंडोज टाकताना यादी रिकामी.

इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या पीसींमध्ये व्हीएमडी नावाची सेटिंग चालू असेल तर असं होतं. बायोसमधून ती बंद करा, किंवा तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन ‘लोड ड्रायव्हर’मधून द्या. घरच्या एका एसएसडीला व्हीएमडी लागत नाही, मी बंदच करतो. पण विंडोज आधीच टाकलेलं असेल तर नंतर ही सेटिंग हलवू नका, विंडोज उघडणार नाही.

११. विंडोज कॉपी होतं, रिस्टार्ट होतं आणि परत पहिल्यापासून विचारतं. तीनदा झालं.

रिस्टार्टच्या वेळी पेनड्राइव्ह काढा.

१२. विंडोज ११ ‘नेटवर्कला जोडा’ या पानावर अडकतं. वायफाय दिसतच नाही.

नव्या बोर्डाच्या वायफायचा किंवा लॅनचा ड्रायव्हर विंडोजकडे अजून नाही. मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टिदरिंग चालू करा. अँड्रॉइड फोन असेल तर बहुतेक वेळा लगेच नेट येतं. बाकीचे ड्रायव्हर नंतर.

१३. जुन्या पीसीतली एसएसडी तशीच नव्यात लावली. बूट होत नाही.

जुनं विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने, लेगसी मोडमध्ये टाकलेलं असेल तर यूईएफआय, म्हणजे नव्या धाटणीचा बायोस असलेल्या बोर्डाला ती डिस्क बूट करण्याजोगी वाटत नाही. जुना पीसी अजून चालत असेल तर तिथेच विंडोज १० किंवा ११ मधल्या एमबीआर२जीपीटी या टूलने डिस्क बदलून घेता येते, आधी बॅकअप घेऊन. निळं पान येऊन ४८ अंकी किल्ली मागितली तर ते बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप. ती किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. माझं मत विचाराल तर फोटो आणि कागदपत्रं काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका.

१४. विंडोजचा लोगो येतो, गोल फिरत राहतं, मग निळी स्क्रीन. प्रत्येक वेळी एरर वेगळा.

एरर दर वेळी वेगळा म्हणजे रॅमवर संशय. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम खोक्यावरच्या वेगाने पळवणारी सेटिंग, बंद करा. खोक्यावर ६००० लिहिलेली रॅम तेव्हा ४८०० च्या आसपास चालेल, पण चालेल. त्या वेगाने सगळं सुरळीत असेल तर रॅम चांगली आहे, घोषित वेग तुमच्या बोर्डाला झेपत नाही. बायोस अपडेट करून किंवा एक पायरी कमी ठेवून पाहा. चार स्टिक असतील तर हे फार होतं. कमी वेगालाही निळी स्क्रीन आली तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. एकसुद्धा एरर म्हणजे स्टिक बदलून घ्या.

१५. बायोसमध्ये एक-दोन मिनिटं राहतो आणि बंद पडतो. आपल्याकडच्या उन्हामुळे का?

नागपूरकराला हा संशय येणारच. २३ मे २०१३ ला आपल्याकडे ४७.९ अंश होते. पण प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तग धरतो. नवतप्यात वरच्या मजल्यावरची खोली ४० अंशांना असली तर बायोसमधलं तापमान थंडीपेक्षा पंधरा-वीस अंश जास्त दिसेल, पीसी बंद पडणार नाही. आकडा डोळ्यांदेखत ७०, ८०, ९० असा चढत असेल तर कूलर नीट टेकलेला नाही. बहुतेकदा त्याच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढायची राहिलेली असते. लिक्विड कूलर असेल तर पंपाची वायर पाहा. ‘सीपीयू फॅन एरर, एफ१ दाबा’ असं आलं तर पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवर नाही.

आणि इथे कूलर म्हणजे प्रोसेसरवरचा. दुसरा, वाळ्याच्या ताट्यांचा, त्याच्या झोतासमोर बसून पीसी जोडू नका. एका काकांच्या बोर्डावर मी खरोखर पाण्याचे थेंब पाहिलेत.

१६. थेट भिंतीच्या सॉकेटवर चालतो, यूपीएसवर लावला की बंद पडतो.

घरच्या ६०० व्हीए यूपीएसची खरी ताकद साधारण ३६० वॉट. ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आणि मॉनिटर मिळून गेम सुरू होताच त्यापलीकडे जातात. बायोसपर्यंत आला आणि लोड पडताच गेला, तर यूपीएस लहान पडतोय.

१७. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. पीसी शॉर्ट झाला का?

बहुधा नाही, घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत येणाऱ्या लाइनवर फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसलं की त्यांच्यातून झिरपणारी थोडी वीज कॅबिनेटवर राहते. महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट असतो, पण मागे तिसरी वायरच नसते. इलेक्ट्रिशियन बोलवा. प्लगची जाड पिन कापून दोन भोकांत घालण्याचा उद्योग कोणी सुचवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

१८. बाहेर टेबलावर चालते, कॅबिनेटमध्ये बसवला की नाही. असं काऊन?

बोर्ड कॅबिनेटच्या पत्र्यापासून पितळी स्टँडऑफवर उचललेला असतो. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला असेल तर तो मागून शॉर्ट करतो. सांडलेला स्क्रूही तेच करतो. सगळं बाहेर काढून बोर्डाच्या भोकांशी स्टँडऑफ मोजा. बाहेर तपासताना बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी अँटीस्टॅटिक पिशवीवर नको, तिचा बाहेरचा थर वीज वाहू देतो.

१९. सगळं करून झालं. आता कोणता पार्ट खराब हे कसं ठरवू, आणि दुकानात काय नेऊ?

बोर्ड, प्रोसेसर, कूलर, रॅमची एक स्टिक, एसएमपीएस आणि डिस्प्लेची वायर (प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर ग्राफिक्स कार्डही), एवढंच टेबलावर मांडा. यातही डिस्प्ले आला नाही तर मित्राकडून एकेक चालता पार्ट आणून बदला, एका वेळी एकच. आधी रॅम, मग एसएमपीएस, मग बोर्ड. प्रोसेसर सगळ्यात शेवटी, कारण तो खराब निघणं फार दुर्मिळ. ज्याचा मित्र अजून लॅपटॉपवरच आहे त्याने सगळा पीसी दुकानात न्यावा, बिल आणि खोकी घेऊन.

जाण्याआधी प्रोसेसर काढून सॉकेटातल्या पिनांचा उजेडात स्पष्ट फोटो काढा, तारखेसह. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि ती आधी वाकली की काउंटरवर, यावरून नेहमी भांडण होतं. बोर्डासोबत सॉकेटवर आलेलं काळं प्लॅस्टिकचं झाकण फेकलं असेल तर कचऱ्यातून शोधून काढा. ते नसेल तर पुष्कळ ठिकाणी बोर्ड वॉरंटीत घेतच नाहीत.